रिकाम्या खंदकावरचा बनियन

घराला कुलूप लावून कुठे जायचं असलं की बाबांचं शेवटचं काम ठरलेलं असायचं. कपाटातला धुतलेला, कोरडा बनियन ते पुन्हा बादलीत बुडवायचे, पिळायचे आणि गॅलरीतल्या दोरीवर टाकायचे. दाराबाहेर जुन्या वहाणांचा जोड ठेवायचे आणि आत रेडिओ बारीक आवाजात सुरू करून द्यायचे. आई जिन्यावरून ओरडायची, "अहो, बस चुकेल. चोराला काय पडलंय तुमच्या बनियनचं?"

"चोर दाराकडं बघत नाय, दोरीकडं बघतो," बाबा म्हणायचे. "ओला कपडा म्हंजे आत माणूस."

बाबा पायदळात हवालदार होते. मोठ्या फौजेच्या पुढे आठ-दहा जणांची लहान तुकडी जाते, शत्रूच्या अगदी जवळ जाऊन बसते, बघते आणि कुणाला न कळता परत येते. बाबांनी अशा तुकड्या नेल्या आणि पुढे नव्या पोरांना ती विद्या शिकवली. त्यातली एक युक्ती ते फार रंगवून सांगायचे. रिकामा खंदक खणायचा, त्यात चूल पेटवून धूर करायचा, काठावर दोन बनियन वाळत घालायचे. समोरचा दिवसभर त्या बनियनांवर नजर ठेवून बसतो आणि तुकडी भलतीकडून निघून जाते. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांमध्ये खंदक नव्हता, पण बनियन होता.

नव्वदच्या दशकात ते सुट्टीवर आले की रविवारी विहारातली वंदना आटोपून मला पांडवलेण्यांच्या डोंगरावर न्यायचे. इतर मुलींचे बाप त्यांना भेळ खायला नेत. माझा बाप मला करवंदीच्या जाळीमागे बसवून विचारायचा, "त्या वाटेवर किती माणसं? रपट दे." माणूस दिसत नाही, माणसाचं हलणं दिसतं, हे मी तिथे शिकले. डोंगराच्या माथ्यावर उभं राहायचं नाही, आभाळावर आकृती उमटते. गेलो त्या वाटेनं परत यायचं नाही. वासाचं तेल लावायचं नाही. अचानक चिमण्या गप्प झाल्या तर आपणही गप्प व्हायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे फार सहज दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण ते कुणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलेलं असतं.

एवढं बाळकडू मिळाल्यावर मी सरळ निघणं शक्यच नव्हतं. कॉलेजात एखादी मैत्रीण गोड बोलली की मला वाटायचं, हिला नोट्स हव्यात. बहुतेक वेळा हव्या असायच्या. बाबा निवृत्त होऊन एका मंगल कार्यालयावर सिक्युरिटी सुपरवायझर झाले, तेव्हा तर घरात संशयाला ऊतच आला. दूधवाला सलग दोन दिवस उशिरा आला की त्याची उलटतपासणी. गॅस सिलेंडरवाला नवा असला की तो जिना उतरेपर्यंत बाबा गॅलरीत. आई म्हणायची, "यांना देवळातला घंटा वाजवणारासुद्धा संशयित वाटेल." पण बाबांच्या संशयाला हसताना आम्ही सगळे आत्याकडे बघायचं टाळायचो.

आत्या ही बाबांची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरलं तेव्हा बाबा पार ईशान्येच्या डोंगरात होते. स्थळाची चौकशी रीतीप्रमाणे झाली. मुलाच्या शेजारी विचारलं, किराणा दुकानात विचारलं, न्हाव्याला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, मुलगा सोन्यासारखा. बाबांनी दुरून होकार कळवला. त्या सोन्यानं आत्याचा डावा हात मोडला. मोडलेला हात तिकडे कुणी धड बसवलाही नाही. आत्या परत आली ती आमच्याकडेच राहिली, शिवणकाम करायची, आणि त्या हातानं तिला कधी पूर्ण बादली उचलता आली नाही. बाबा तिच्यासमोर त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. ते फक्त तिची बादली भरून ठेवायचे, रोज, न सांगता.

म्हणून दोन हजार सालानंतर माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा बाबांनी फर्मान काढलं. "विचारायचं कुनालाच नाय. विचारलं की लोक खोटं बोलतात. बघायचं. त्याला ठाऊक नसताना बघायचं. तेवढंच खरं."

निफाडच्या मामांनी लासलगावचं एक स्थळ सुचवलं. मुलगा एका कांदा व्यापाऱ्याकडे कारकून होता. लिलावात मालकाबरोबर फिरून भाव टिपायचे, मग कांदा खळ्यावर आला की तिथला हिशेब बघायचा. घरी फक्त आई. फोटोत तो बरा दिसत होता. बाबांनी फोटो हातात घेतला आणि म्हणाले, "फोटोत सगळेच बरे दिसतात. आपण दोघं जाऊ."

"दोघं?" आई म्हणाली. "मुलगी स्वतः जाणार मुलगा बघायला?"

"एकटा पुरुष कुठंही तासभर बसला की लोक विचारतात, कोण रे तू? बापलेक बसले तर कोणी विचारत नाय. आन् लग्न तिला करायचंय. तिनं बघितलं पायजे."

वेषांतराचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसांत नाशिकच्या निम्म्या मुली स्कूटरवर डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीनं गुंडाळून फिरायच्या. बाबांना ही फॅशन मनापासून आवडायची. सगळे जे घालतात ते घालावं, यापेक्षा चांगलं लपणं नाही, असं त्यांचं मत होतं. बाबांनी स्वतः मळकी टोपी आणि मामांचा सदरा चढवला. बाजारात बसायला कारण हवं, म्हणून मामांच्या ट्रॅक्टरवर मामांचाच खराखुरा कांदा भरला. मामांना मात्र बाजारात बरेच लोक ओळखायचे, त्यामुळे त्यांना चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं. कांदा त्यांचा, आणि तो विकायला बसलेला माणूस आयुष्यात कधी कांदा न पिकवलेला.

ट्रॅक्टरच्या रांगेत आम्ही उभे होतो. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येत होता, कांदा हातात घेऊन दाबून बघत होता, बोली पुकारली जात होती. प्रत्येक शेतकरी त्या घोळक्याशी भांडत होता. आमच्या ट्रॉलीपाशी ते आले तेव्हा त्यांच्यात वही घेतलेला तो होता. फोटोपेक्षा काळा, उंच, शर्टाची बाही शाईनं भरलेली. मी माझं काम चोख केलं, म्हणजे त्याच्याकडे सरळ न बघता त्याच्या खांद्याशेजारी बघत राहिले. भाव पुकारला गेला. बाबा ताठ बसून होते, चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. घोळका पुढे गेला. कुणाच्या डोळ्यात न भरता काम झालं म्हणून बाबा खूश होते.

दुपारी आम्ही त्याच्या मालकाच्या खळ्यासमोर लिंबाखाली बसलो. आत बायका कांदा निवडत होत्या, हमाल गोण्या भरत होते, तो फाटकापाशी लिहीत उभा होता. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक जाडजूड माणूस आला आणि त्याला काहीतरी बोलला. मुलानं हातातलं पेन जमिनीवर आपटलं आणि त्या माणसाला अशी एक शिवी हासडली की आमच्या कॉलनीतल्या नळावरही मी ती ऐकली नव्हती. हमाल खदाखदा हसले. जाडजूड माणूस निघून गेला. मुलानं पेन उचललं, झटकलं आणि पुन्हा लिहायला लागला.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "रपट दे."

"उंची चांगली. अक्षर दिसलं नाही. शिवी दिली."

"तापट हाय," बाबा म्हणाले. आत्याचा नवराही तापट होता, हे कुणी बोलायची गरज नव्हती.

तरीही एका खेपेवर निकाल द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. आम्ही आणखी दोनदा गेलो, मामांचा आणखी कांदा घेऊन. आणि काय सांगू, मुलगा पार बदललेला. कांदा निवडणाऱ्या म्हातारीला त्यानं स्वतः तांब्या नेऊन दिला. हमालाच्या डोक्यावर गोणी चढवायला हात लावला. मालकाशी बोलताना आवाज मधासारखा. तिसऱ्या खेपेला तर त्यानं वाटेतला केळीच्या सालीचा तुकडा उचलून बाजूला टाकला. मला तो आवडायला लागला होता, आणि आवडायला लागला म्हणून माझा मलाच राग येत होता.

बाबा मात्र अस्वस्थ. "केळीची साल?" ते रात्रीच्या जेवणात पुन्हा पुन्हा म्हणत होते. "लासलगावच्या बाजारात केळीची साल कोन उचलतं? नाय, हे कायतरी मांडलेलं हाय."

"तुम्हाला वाईट वागला तरी खटकतं, चांगला वागला तरी खटकतं," मी चिडून म्हणाले. पण मलाही ती साल खटकली होती.

मग पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगा, त्याची आई आणि आमचे निफाडचे मामा असे तिघे आले. पोहे झाले, ठरलेले प्रश्न झाले, आणि आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. दोरीवर बाबांचा बनियन होता. तो त्याकडे बघत उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "एक विचारू? मामांना त्या कांद्यात परवडलं का?"

आत कुणी ऐकलं का, म्हणून मी झटकन दाराकडे बघितलं.

"पहिल्या येळी वाटलं, असंल कोणी गरीब माणूस, बोलता येत नसंल," तो म्हणाला. "दुसऱ्या येळी परत तेच. तुमचे वडील भावावर कायच बोलले नाय. लासलगावात असा शेतकरी नसतो हो. सोन्याचा भाव दिला तरी आमचा माणूस म्हणतो, परवडत नाय. आन् शेजारी बांधलेल्या तोंडाची पोरगी. ती कांद्याकडं बघतच नव्हती. मग मी टपरीवर मामांना बघितलं आन् समजलं."

जगातल्या सगळ्या जंगलांत न दिसलेले माझे बाबा लासलगावच्या बाजारात गप्प बसल्यामुळे पकडले गेले होते. मला हसू यायला हवं होतं, पण संताप आला. "म्हणजे नंतरचं सगळं नाटक? तो तांब्या, ती केळीची साल?"

"साल जास्त झाली," त्यानं कबूल केलं. "म्हातारीला पाणी मी एरवी पण देतो. फक्त हातात नेऊन देत नाय. माठाकडं बोट दाखवतो."

"आणि शिवी?"

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "ती बघितली होय तुम्ही? ती खरी. त्या दिवशी डबा घरी राहिला होता. उपाशी असलो की मी असाच असतो. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."

मंडळी गेल्यावर मी सगळं घरात सांगून टाकलं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांच्याकडे बघवेना. "म्हंजे दोन खेपा आपण रिकामा खंदक बघत बसलो," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "मग खरं काय बघितलं आपण? शिवी. फक्त शिवी. नको हे स्थळ."

"पण बाबा—"

"नको म्हटलं ना! एकदा चुकलोय मी." त्यांचा आवाज चिरकला. एवढ्या वर्षांत आत्याच्या लग्नाबद्दल त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं, आणि ते आत्याच्या समोर उच्चारलं गेलं होतं.

आत्या मशीनवर बसून माझ्या ब्लाउजला हुक लावत होती. तिनं सुई थांबवली. "दादा, शिवी कोनाला दिली त्यानं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या रपटीत ते नव्हतं. पेन कुठे पडलं, किती हमाल हसले, मोटरसायकल कुठल्या रंगाची, सगळं होतं. हे नव्हतं.

"मालकाच्या मेहुण्याला," मी म्हणाले. मी ते गॅलरीत विचारून घेतलं होतं. "तो मालकाच्या जिवावर सगळ्यांना दम देत फिरतो म्हणे."

"तिथं बाया होत्या. हमाल होते. म्हातारी होती. उपाशी मानूस त्यांच्यावर पन खेकसला असता, कोन विचारतंय त्यांना?" आत्या म्हणाली. "आमचा त्यो बाहेर सगळ्यांना हात जोडायचा. मालकाला, शेजाऱ्याला, न्हाव्याला. म्हनून तर समदे सोन्यासारखा म्हनले. त्याचा राग घरी येऊन माझ्यावर निघायचा. ह्याचा राग वर गेला, दादा. खाली नाय आला." आणि तिनं पुन्हा सुई चालवायला घेतली.

बाबा उठले आणि मोरीत गेले. बादली भरल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवला.

लग्न होऊन मी लासलगावला गेले. यांना दुपारचा डबा खळ्यावर पोचवणं हे माझं काम झालं, कारण उपाशी ठेवण्याचे परिणाम मी लग्नाआधीच पाहिले होते. बाजारात एवढी गर्दी की मुंगीला वाट मिळू नये, पण डोळ्यांना लागलेली सवय जात नाही. पावसाळा सरत आला होता, शुक्रवार होता. आमचा दोन दिवस अबोला होता, कशावरून ते आता आठवत नाही. मी सुजलेल्या डोळ्यांनी डबा घेऊन चालले होते आणि रांगेतल्या एका ट्रॉलीमागे मला ताठ पाठ दिसली.

मळकी टोपी, मामांचा सदरा. व्यापाऱ्यांचा घोळका त्या ट्रॉलीपाशी आला आणि टोपीवाला मोठ्यानं ओरडला, "नाय परवडत! एवढ्यात डिझेलसुद्धा सुटत नाय!" धडा शिकला होता माझा बाप. आवाज मात्र परेड मैदानावरचा होता, शेजारचे दोन शेतकरी दचकून बाजूला झाले.

आता ते खळ्यासमोरच्या लिंबाखाली येऊन बसणार, हे ठरलेलं. त्यांनी माझे डोळे पाहिले तर? ते काही बोलणार नाहीत, कुणाला विचारणार नाहीत. घरी जातील, आत्याच्या हाताकडे बघतील आणि रात्र रात्र जागतील. मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली, खळ्यावर गेले, फाटकात यांच्या अगदी जवळ उभी राहिले आणि खळखळून हसले.

हे चक्रावले. "काय झालंय तुला?" त्यांनी संशयानं विचारलं. दोन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"हसा," मी दातांतल्या दातांत म्हणाले. "लिंबाकडे बघू नका. फक्त हसा."

माझा नवरा हुशार आहे. त्यानं लिंबाकडे बघितलं नाही. तो हसला, माझ्या हातून डबा घेतला, वर स्वतःच्या रुमालानं माझ्यासाठी कठडा झटकला. केळीची साल जवळपास नव्हती म्हणून, नाहीतर तीही उचलली असती. आम्ही एका डब्यात जेवलो. मी निघाले तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. बाबा गॅलरीत कपडे काढत होते. मी मदतीला गेले. त्यांनी बाजारातलं काहीच काढलं नाही, मीही नाही. शेवटचा कपडा माझ्या हातात देत ते म्हणाले, "बनियन चांगला वाळत घातला व्हता तू."

मी काही न समजल्याचा चेहरा केला. तो चेहराही त्यांनीच शिकवलेला होता.

"मी त्याच्या आदल्या सोमवारी पन आलो व्हतो," ते म्हणाले. "तेव्हा नाय दिसलो तुला."

आदला सोमवार. मला आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आदल्या सोमवारी भर खळ्यात, बायकांच्या आणि हमालांच्या समोर, मी नवऱ्याशी कडाकडा भांडले होते. हातवारे करून. त्यांच्या आईच्या नावासकट. मी बाबांकडे बघू शकले नाही. म्हणाले, "मग? घेऊन जायला आलात का मला?"

"नाय." बाबांनी चिमटे एकेक करून डबीत टाकले. "तू भांडलीस आन् तो ऐकत उभा राह्यला. मग तू डबा आपटून निघालीस आन् तो मागून ओरडला, उद्या भाजीत मीठ कमी घाल. बाया हसल्या. तू पन हसलीस, पाठमोरी." आत मशीन चालू होतं, आत्याचं. बाबांनी आवाज खाली आणला. "तुझी आत्या तिकडं कधीच भांडली नाय. एकदा पन नाय. मी सुट्टीवर तिला भेटायला गेलो तर हसून वाढायची. मी त्या हसण्यावर इश्वास ठेवला."

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणानंतर पहिल्यांदाच. "सोमवारचं बघून मी निवांत झोपलो. शुक्रवारी नुसताच आलो व्हतो."

तेव्हापासून मी बाजारात भांडण आलं की आवाज दाबत नाही. कुठल्या ट्रॉलीमागे कोण बसलं असेल, काही सांगता येत नाही.